छत्रीसैनिकाची उमेदवारी

प्रजासत्ताकदिनाच्या संचलनांत मरून रंगाच्या बेरे टोप्या घातलेली तुकडी दिसतांच दिवाणखान्यांत बसलेला एखादा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा ताठ होऊन बसतो, आणि थोड्याच दिवसांनीं तो घरांत जाहीर करतो कीं, आपण छत्रीसैनिक होणार. वडील वर्तमानपत्र खालीं ठेवतात. आई हातांतलें काम टाकून बाहेर येते. पुढें जो संवाद होतो त्यांत एका पक्षाकडे भीति असते व दुसऱ्या पक्षाकडे हट्ट असतो; माहिती मात्र बहुधा कोणाकडेच नसते. मुलाचें ज्ञान चित्रपटांतून आलेलें, आईबापांचें ऐकीव. अशा घरांसाठीं हे चार शब्द आहेत.

एक समजूत दोन्ही पक्षांची सारखीच असते, आणि ती चुकीची असते. छत्रीसैनिकाचें खरें काम म्हणजे विमानांतून उडी घेणें, असें दोघेही धरून चालतात. वस्तुतः उडी हें एक वाहन आहे. आगगाडी जशी उतारूस स्टेशनावर सोडते, तशी हवाई छत्री सैनिकास शत्रूच्या पिछाडीस नेऊन सोडते. त्याचें काम तेथून पुढें सुरू होतें, आणि तें जवळ जवळ सर्वस्वीं पायांचें असतें. ११ डिसेंबर १९७१ रोजीं बांगला देशांतील टांगाईल येथें छत्री-रेजिमेंटची दुसरी पलटण आकाशांतून उतरली. मूळची ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. १९५२ सालीं छत्री-रेजिमेंट उभी राहिली तेव्हां ती तिच्यांत सामील झाली. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू हे तिचे अधिपति होते. हवेंत प्रत्येक सैनिक फार तर एकदोन मिनिटें असेल. खालीं आल्यावर माणसें गोळा करावयाचीं, तळ्यांत पडलेलें अवजड सामान गांवकऱ्यांच्या मदतीनें बाहेर काढावयाचें, लोहाजंग नदीवरील पुंगलीचा पूल ताब्यांत घ्यावयाचा, माघार घेत येणाऱ्या शत्रूचे हल्ले तेथें रात्रभर परतवावयाचे, आणि मग ढाक्याची वाट धरावयाची, असा तो क्रम होता. १६ डिसेंबरला ढाक्यांत शिरलेल्या पहिल्या भारतीय तुकड्यांत ही पलटण होती. दोन मिनिटें उडी आणि पांच दिवस पायपीट व लढाई, हें प्रमाण ज्याच्या ध्यानांत राहील त्याला तयारी कशाची करावयाची हें निराळें सांगावें लागणार नाहीं.

या दलाचा आपल्या देशांतील आरंभ १९४१ सालचा. जर्मनांनीं त्या वर्षीं मे महिन्यांत क्रीट बेट आकाशांतून उतरून घेतलें आणि साऱ्या जगाचें लक्ष या विद्येकडे गेलें. ऑक्टोबरांत दिल्लीस ५० वी छत्री-ब्रिगेड उभी राहूं लागली. जुनाट व्हॅलेंशिया विमानें आणि हातांच्या बोटांवर मोजावे असे शिक्षक, एवढ्या भांडवलावर शाळा सुरू झाली. पुढच्या वर्षीं ती रावळपिंडीजवळ चकलाल्यास गेली आणि फाळणीनंतर आग्र्यास आली. भारतीयांपैकीं अगदीं पहिल्यांदा उडी घेणाऱ्यांत हवालदार-मेजर मथुरासिंग यांच्या जोडीस लेफ्टनंट ए. जी. रंगराज हें नांव आहे. हे रंगराज पलटणीचे डॉक्टर होते. दंडांतल्या बेटकुळ्या आरशांत पाहणाऱ्या तरुणांनीं ही गोष्ट अवश्य लक्षांत घ्यावी. हेच गृहस्थ १९५१ च्या मार्च महिन्यांत कोरियांत, मुनसानी येथें, अमेरिकन छत्रीसैनिकांबरोबर आपलें शस्त्रक्रियेचें पथक घेऊन उतरले व महावीरचक्राचे मानकरी झाले.

आतां प्रवेशाच्या वाटेविषयीं. साधा सैनिक म्हणून जावयाचें तर वयाची साडेसतरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात व दहावीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. २०२३ पासून आधीं संगणकावरील लेखी परीक्षा व मग मैदान असा क्रम झाला आहे. मैदानांत १.६ किलोमीटरची धाव ५ मिनिटें ३० सेकंदांत संपविल्यास ६० गुण व आडव्या दांड्याला लोंबकळून हनुवटी दहा वेळां वर नेल्यास ४० गुण मिळतात. शिवाय नऊ फुटांचा खंदक ओलांडावा लागतो. अधिकारी म्हणून जाणाऱ्याची वाट निराळी. ती खडकवासल्याच्या प्रबोधिनींतून किंवा पदवीनंतरच्या परीक्षांतून जाते आणि निवड-मंडळाच्या पांच दिवसांच्या कसोटींतून गेल्यावांचून पुरी होत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें १९७७ सालीं त्या वेळच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, खडकवासल्याच्या परीक्षेची तयारी करून घेणारी संस्था काढली. सातारची सैनिकी शाळा तर १९६१ पासून आहे. हा तपशील कोणत्याही घराला सहज मिळण्यासारखा असल्यामुळें त्यावर अधिक वेळ घालविण्याचें कारण नाहीं.

परंतु सैन्यांत प्रवेश झाला म्हणजे छत्रीदलांत प्रवेश झाला, असें मुळींच नाहीं. येथें शब्दाचा नीट अर्थ घेतला पाहिजे. कांहीं मुलें भरतीच्या वेळींच छत्री-रेजिमेंटकडे येतात व त्यांचें शिक्षण बंगळुरूच्या केंद्रांत होतें. कांहीं जण आपआपल्या पलटणींतून स्वेच्छेनें येतात. आलेल्या प्रत्येकास उमेदवारी करावी लागते. छत्री-पलटणीसाठीं ती सुमारें तीन महिन्यांची असते. विशेष दल म्हणून ज्या पलटणी ओळखल्या जातात त्यांच्यासाठीं याहून लांब व कठोर असते, आणि तिला बसलेल्यांपैकीं बहुसंख्य लोक परत जातात. या विशेष दलांत २१ वी पलटण आहे. तीही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची, १९९६ सालीं विशेष दलांत रूपांतर झालेली, आणि ती स्वतःस वाघनखें म्हणवते. हें नांव ऐकून मराठी मुलाची छाती फुगावी हें स्वाभाविक आहे. मात्र मावळ्यांचे वंशज म्हणवून घेण्यास कांहीं श्रम पडत नाहींत, आणि पाठीवरचें ओझें वंशावळ विचारीत नाहीं.

उमेदवारींत काय असतें? ओझें व रायफल घेऊन लांब पल्ल्याची दौड, रात्रीचें मार्गशोधन, अपुरी झोंप, अपुरा आहार, आणि अंग गळून गेल्यावर नेमकें डोकें चालविण्याचें काम. वरिष्ठ व सोबती यांची सतत नजर असते. धावणारा किती जोरानें धावतो याबरोबरच, मागें पडलेल्याचें ओझें तो आपण होऊन उचलतो कीं नाहीं, हेंही पाहिलें जातें. या सर्वाला तोंड देण्यास जें शरीर लागतें तें दोन महिन्यांत तयार होत नाहीं, आणि दुर्दैवानें बहुतेक मुलें दोन महिन्यांचाच हिशेब करतात.

हें कां होत नाहीं याचें कारण हाडांत आहे. हाड म्हणजे निर्जीव दगड अशी आपली कल्पना असते. परंतु तें सदैव मोडत व घडत असणारें जिवंत अवयव आहे. जुन्या भिंतीची डागडुजी करणारा गवंडी आधीं सैल झालेले दगड काढतो आणि मग त्या जागीं नवे बसवितो. नडगीचें हाडही नव्या ओझ्यास असेंच तोंड देतें. झिजलेला भाग पोखरून काढण्याचें काम तीन आठवड्यांत उरकतें. नवा भाग पक्का भरून येण्यास मात्र सुमारें तीन महिने लागतात. मधल्या काळांत भिंत पहिल्यापेक्षां कच्ची असते. उलट हृदय, फुफ्फुसें आणि स्नायु कांहीं आठवड्यांतच सुधारतात. परिणाम असा कीं, चौथ्या-पांचव्या आठवड्यांत मुलाला हत्तीचें बळ आल्यासारखें वाटतें, तो अंतर दुप्पट करतो, आणि नेमकें त्याच वेळीं त्याचें हाड सर्वांत अशक्त असतें. मग नडगीवर रुपयाएवढ्या जागीं ठणका लागतो; त्या एका पायावर उडी मारली तर डोळ्यांत पाणी येतें. क्ष-किरणांच्या पहिल्या चित्रांत बहुधा कांहींच दिसत नाहीं, त्यामुळें घरचे म्हणतात, कांहीं नाहीं, चाल पुढें. अशा वेळीं पुढें चालणें म्हणजे केसासारख्या तड्याचा सरळ अस्थिभंग करून घेणें होय. वेळेवर थांबल्यास सहा ते आठ आठवड्यांची विश्रांति पुरते. न थांबल्यास वर्ष जातें, आणि कधीं कधीं लष्कराचें दारही कायमचें बंद होतें. वेदना मारण्याचें इंजेक्शन टोचून मैदानांत उतरविण्याचा सल्ला देणारे महाभाग असतात. त्यांच्या हातीं मूल देऊं नये.

तेव्हां तयारीला एक वर्ष धरावें, दीड वर्ष मिळाल्यास फारच उत्तम. आठवड्याचें अंतर थोडें थोडें वाढवावें आणि दर चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवावा. धावण्याचें अंतर व पाठीवरचें ओझें ही दोन्ही एकाच आठवड्यांत कधींही वाढवूं नयेत. ओझ्याचा आरंभ पांच-सहा किलोग्रॅमपासून करावा. आणि ओझें घेऊन धावण्याची घाई न करतां आधीं झपाझप चालण्यास शिकावें. पिशवीचा भार खांद्यांवर लोंबतां कामा नये, तो पाठीशीं घट्ट व उंच बसला पाहिजे. पुण्याच्या मुलांना पर्वतीच्या पायऱ्या आहेत, सिंहगड आहे. परंतु तेथेंही एक गोष्ट लोक विसरतात. चढण ही फुफ्फुसांची परीक्षा असते, गुडघे कामास येतात ते उतरतांना, आणि मांड्यांचे स्नायु खरे पिळवटतात तेही उतरणीवर. ओझें घेऊन टेकडी धावत उतरणें ही फुशारकी पहिल्या सहा महिन्यांत कटाक्षानें टाळावी.

तालमीचा अभिमान असलेल्या घरांतून असा प्रश्न येतो कीं, जोर-बैठका, कुस्ती यांचें काय? मल्लखांबानें पकड व खांदे उत्तम होतात, कुस्तीनें निर्भयता येते, हें निर्विवाद. पण दुधाबदामावर पोसलेला नव्वद किलोचा पैलवान तीस किलोमीटरच्या चालीस बहुधा निरुपयोगी ठरतो, कारण त्याचें स्वतःचें वजनच त्याचें पहिलें ओझें असतें. या कामाला जवळचा आदर्श शोधावयाचा तर तो आषाढांत आळंदीहून पंढरीस निघालेला वारकरी आहे. अडीचशें किलोमीटरच्या आसपासची वाट, डोक्यावर पाऊस, पायाखालीं चिखल, आणि रोज ठरलेल्या मुक्कामीं ठरलेल्या वेळीं पोहोंचावयाचें. त्याच्या पायांकडे पहावें. मुक्कामाला पोंचल्यावर जाणता वारकरी पाय धुऊन कोरडे करतो, तेल चोळतो, चिरा पाहतो, आणि मगच इतर गोष्टींकडे वळतो. सैनिकाच्या पायाचें शास्त्र याहून फारसें निराळें नाहीं. बूट आधीं घरांत, मग गल्लींत, मग टेकडीवर वापरून मऊ करावे; नवा बूट घालून लांबच्या चालीस निघूं नये. कोरड्या मोज्यांचा दुसरा जोड नेहमीं बरोबर असावा. टांच गरम लागूं लागली कीं तेथेंच थांबून पट्टी लावावी. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीला फारसा अर्थ उरत नाहीं. धडधाकट तरुणाची महिन्यांची मेहनत एका रुपयाएवढ्या फोडानें वायां जाते.

उन्हाविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. शरीरास उन्हाळ्याची संवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तोंपर्यंत दुपारची दौड नको, आणि अंगांत ताप किंवा हगवण असतांना तर मुळींच नको. धावतां धावतां मुलगा असंबद्ध बोलूं लागला, झोकांड्या देऊं लागला, तर तो उष्माघात समजावा. त्यास सावलींत नेऊन सर्वांगावर पाणी ओतावें, वारा घालावा, आणि हें करीत असतांनाच वाहन बोलवावें. रुग्णालयांत पोंचेपर्यंत थांबण्याइतका वेळ मेंदूजवळ नसतो. आहाराच्या बाबतींत डबाबंद पूड व ताकदीचीं औषधें यांवर जो पैसा जातो तो घरच्या भाकरीवर, डाळीवर, शेंगदाण्यांवर, दुधावर व अंड्यांवर खर्च करावा. आणि मुलास रोज आठ तास झोंपूं द्यावें. पुढें त्याला जागावें लागणार म्हणून आधींपासून जागरणाचा सराव करणें हा शुद्ध वेडेपणा आहे.

शरीराइतकीच हेळसांड डोक्याची होते. शाळेच्या भूगोलांत समोच्च रेषा शिकविल्या जातात. दोन गुणांसाठीं त्या पाठ केल्या जातात आणि परीक्षा झाल्यावर कायमच्या पुसल्या जातात. छत्रीसैनिकाच्या उमेदवारींत रात्रीं दोन वाजतां, अंगावर ओलें कापड असतांना, नकाशावरच्या त्याच रेषांकडे पाहून समोर दरी आहे कीं खिंड आहे हें ठरवावें लागतें, आणि चुकलें तर चार किलोमीटर अधिक चालावें लागतें. म्हणून ज्यास या वाटेनें जावयाचें आहे त्यानें होकायंत्र व नकाशा घेऊन डोंगरांत हिंडावें. दमल्यावर, बसून, तोंडीं हिशेब करून पाहावा. थकलेलें मन किती साध्या गोष्टींत चुकतें हें एकदां अनुभवानें कळलें कीं मनुष्य सावध होतो. शहरांतील मुलांपैकीं पुष्कळांस पोहतां येत नाहीं. तेंही शिकून घ्यावें.

आतां उडीकडे वळूं. कारण आईबापांच्या डोळ्यांपुढें तीच असते. आग्र्याच्या शाळेंत पहिल्यांदा शिकवितात तें पडावयास. दोन्ही पाय जुळवून, गुडघे किंचित् वांकवून जमिनीस टेकावयाचें, आणि आघात पोटरी, मांडी, कंबर, पाठ असा अंगाच्या एका बाजूनें वांटून टाकावयाचा. हें शेंकडों वेळां जमिनीवर घोटून घेतात. मग विमान. छत्रीची दोरी विमानांतील तारेस अडकविलेली असते. सैनिक बाहेर पडला कीं तिच्या ओढीनेंच छत्री आपोआप उघडते, आणि छातीवर दुसरी राखीव छत्री असते. मालपुऱ्याच्या मैदानावर अशा पांच उड्या पुऱ्या झाल्या, त्यांत एक रात्रीची, म्हणजे छातीवर पंख लागतात. जुने लोक सांगतात कीं, पहिल्या उडीपेक्षां दुसरी अवघड जाते, कारण पहिल्या वेळीं काय होणार हें माहीत नसतें.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश छत्रीदलाचा एक नियम होता. त्यांत या साऱ्या विषयाचें मर्म आहे. पंख मिळण्यापूर्वी कोणी दारांत अडखळला, नको म्हणाला, तर त्यास शिक्षा नसे. त्यास तत्काळ खालीं आणून त्याच्या मूळच्या पलटणींत परत पाठवीत. पंख मिळाल्यानंतर मात्र नकार देणें हा लष्करी न्यायालयापुढें जाणारा अपराध होई. म्हणजे सैन्यासारखी हुकुमावर चालणारी संस्थासुद्धां येथें आधीं माणसास मोकळेपणानें विचारी, येतोस काय? आजही या दलांत येणारा प्रत्येक जण स्वेच्छेनेंच येतो. मग जें सैन्य आपल्या हुकुमाखालच्या माणसावर लादीत नाहीं, तें आईबापांनीं मुलावर कसें लादावें? कांहीं घरांत बापाचें अपुरें स्वप्न मुलाच्या पाठीवर ओझें म्हणून बांधलेलें असतें. असा मुलगा उमेदवारीच्या तिसऱ्या रात्रीं कोणाच्या बळावर उभा राहणार? उलट, ज्याचा होकार खरोखर स्वतःचा आहे त्यास रडून अडविणाऱ्या आईचाही विचार झाला पाहिजे. तिची भीति खोटी नाहीं. सातारकडचे कर्नल संतोष महाडिक हे २१ व्या पलटणीचे अधिकारी. १७ नोव्हेंबर २०१५ रोजीं काश्मिरांत कुपवाडा भागांत राष्ट्रीय रायफल्सच्या तुकडीचें नेतृत्व करीत असतांना ते धारातीर्थीं पडले. पुढें दोन मुलांची आई असलेल्या त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या प्रबोधिनींत शिकून २०१७ सालीं लेफ्टनंट झाल्या. हें उदाहरण येथें कोणाचें समाधान करण्यासाठीं दिलेलें नाहीं. या वाटेवर मरण आहे, आणि तें घरांत उघडपणें बोललें गेलें पाहिजे. मुलानेंही तें आईच्या डोळ्यांकडे पाहून बोललें पाहिजे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट उरते. २०२२ पासून साधे सैनिक चार वर्षांसाठीं अग्निवीर म्हणून घेतले जातात आणि त्यांतील चौथाई लोकच पुढें कायम होतात. तेव्हां उमेदवारींत उतरतांना मुलाजवळ दुसरें शिक्षण किंवा हातचा धंदा असावा. अभ्यास सोडून वर्षानुवर्षें नुसतें मैदानावर धावत राहणें घातक आहे. पंचविशी गाठलेला, वय उलटून गेलेला, पदवी नसलेला आणि गुडघे दुखणारा तरुण आज तालुक्याच्या कोणत्याही मैदानावर पहाटे पाहावयास मिळतो, आणि त्याच्याशीं घरांत कोणी बोलत नाहीं. उमेदवारींत जे टिकत नाहींत त्यांपैकीं दुसऱ्या पलटणींतून आलेले आपल्या पलटणीकडे परत जातात, तेथें त्यांची जागा शिल्लक असते, आणि पुढें त्यांतूनच उत्तम हवालदार व सुभेदार निपजतात. पलटण त्यांना टाकीत नाहीं. घरच्या माणसांनीं मात्र ते रजेवर आले म्हणजे शेजाऱ्यांपुढें त्यांच्या टोपीच्या रंगाचा विषय काढूं नये.